शेजाऱ्याचं ताट

"तीन-तीन अंडी आहेत आज," हात धुता धुता तुके वाढप्यानं एस्बर्नच्या कानाशी लागून सांगितलं. "वर मोहरीची चटणी."

"गप रे. इथेच तोंडाला पाणी सुटतंय."

ईस्टरचा दिवस होता. मठाच्या तळ्यातले मासे सांभाळणं हे ब्रदर एस्बर्नचं काम. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात अंडी वर्ज्य, मासे तेवढे चालायचे; आपलेच मासे खाऊन खाऊन त्याला माशाचं तोंड बघवत नव्हतं. गेला आठवडाभर त्याच्या स्वप्नात अंडी येत होती.

पलीकडे ब्रदर पाल्ले केव्हाचा तेच ते हात धूत होता.

"पाल्ले, आज जेवताना तुझा ग्रंथ वाचणार म्हणे? बिशपसाहेबांसमोर?"

"हो ना. आवडला तर ते घेऊन जातील आणि त्याच्या नकला करून मठामठांत पाठवतील." पाल्लेचे ओठ सुकले होते. "सात वर्षं पॅरिसमध्ये डोळे फोडलेत रे मी त्याच्यापायी."

"आहे कशावर?"

"शेजाऱ्यावरच्या प्रेमावर."

"म्हणजे माझ्यावरच की!" एस्बर्न म्हणाला. पाल्ले पंधरा दिवसांपूर्वी पॅरिसहून परतला, तेव्हापासून जेवणाच्या बाकावर एस्बर्न त्याच्या उजव्या हाताला बसत होता.

आत गेल्यावर बोलणं बंद. जेवताना फक्त वाचणाऱ्याचा आवाज, बाकी सगळा कारभार हातांच्या खुणांनी. आणि त्यातही स्वतःसाठी कुणी काही मागायचं नाही. आपल्या ताटात काय कमी पडलं ते डाव्या हाताच्या शेजाऱ्यानं ओळखायचं आणि त्यानंच मागायचं. तीनशे वर्षं हा मठ असाच जेवत आला होता आणि सहसा कुणी उपाशी उठत नव्हतं.

तुके अंड्यांचं पातेलं घेऊन निघाला. त्याचं निम्मं लक्ष वरच्या टेबलावर मठाधिपतींशेजारी बसलेल्या बिशपसाहेबांकडे होतं. त्यानं पाल्लेला तीन अंडी वाढली, मग एस्बर्नला ओलांडून पुढच्याला तीन वाढली आणि समाधानानं दाराशी जाऊन उभा राहिला.

एस्बर्नचं ताट रिकामं. त्यानं आधी ताटाकडे पाहिलं, मग डावीकडे पाल्लेकडे.

पाल्लेनं डोळे मिटले होते. वाचणारा खड्या आवाजात वाचत होता, "शेजाऱ्याची भूक ज्याला डोळे मिटूनही दिसते, त्याचंच प्रेम खरं." आपलंच वाक्य ऐकून पाल्लेचा ऊर भरून आला.

एस्बर्ननं ताट जरासं सरकवलं. ते वाजलं, पण पाल्ले हलला नाही. समोरच्या बाकावरच्यांना सगळं दिसत होतं. एकानं भुवया उडवल्या, दुसऱ्यानं बाकाखालून पाल्लेला लाथ मारायचा प्रयत्न केला, ती एस्बर्नलाच लागली. वरच्या टेबलावर बिशपसाहेबांनी खाणं थांबवलं आणि ते मान तिरकी करून बघू लागले. मठाधिपतींना घाम फुटला.

वाचन पुढे चाललं होतं आणि पाल्लेच्या मिटल्या डोळ्यांतून आता धारा लागल्या होत्या. एस्बर्ननं एक मोठा सुस्कारा टाकला. मग तुकेकडे बघून डोळ्यांखालून बोट फिरवलं. माझ्या शेजाऱ्याला फडकं दे.

तुकेनं फडकं आणून पाल्लेच्या हातात दिलं. पाल्ले दचकला. त्यानं डोळे पुसले, उघडले, आणि फडकं कुणी मागवलं असेल म्हणून उजवीकडे पाहिलं. तिथे रिकामं ताट होतं आणि त्यामागे एस्बर्नचा चेहरा.

पाल्लेचे कान लाल झाले. त्यानं घाईघाईनं हात वर केला. पण सात वर्षांत खुणा पार विसरलेल्या. त्यानं तळहात शेपटीसारखा हलवला.

मासा? ईस्टरला? तुके बघतच राहिला. एस्बर्ननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पाल्लेनं पुन्हा हलवला, आणखी जोरात. तुके नाइलाजानं स्वयंपाकघराकडे वळला.

"अरे, अंडी!" पाल्ले उभा राहून ओरडला. "अंडी दे त्याला, अंडी!"

वाचणारा थांबला. सगळ्या बाकांवर खांदे हलू लागले. मठाधिपतींनी मुकाट्यानं जमिनीकडे बोट दाखवलं. जेवताना तोंड उघडणाऱ्यानं खाली फरशीवर बसून जेवायचं, मग तो पॅरिसहून आलेला का असेना.

"माफ करा, बिशपसाहेब," मठाधिपती हळूच म्हणाले. वरच्या टेबलावर पाहुण्यांशी तेवढं बोलायची मुभा होती. "पॅरिसला जाऊन बिघडलाय जरा."

बिशपसाहेब हसू आवरत अंडं सोलत होते. "बिघडला होता. आत्ताच सुधारला. ग्रंथ मी नेतोय."

पाल्लेच्या कानांवर ते गेलंच नाही. तो आपलं ताट घेऊन फरशीवर बसला होता. तुकेनं एस्बर्नला अंडी वाढली, तीन नव्हे, चार. एस्बर्ननं पहिलं अख्खं तोंडात घातलं, आणि गाल फुगलेलेच असताना त्याला दिसलं की खाली पाल्लेजवळ मीठ नाही. त्यानं हात वर करून मिठाची खूण केली.

मीठ आलं. पाल्लेनं चिमूटभर अंड्यावर टाकलं, पण खाल्लं नाही. आधी गुडघ्यांवर उठून, मान उंच करून, एस्बर्नच्या ताटात काय काय आहे ते पाहिलं.