आधी बोट दाखवा

"ह्यापेक्षा नवं घ्या," असं सांगून तीन दुकानदारांनी हात वर केले होते. वडिलांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरचा चाप जड होता आणि लकव्यानंतर कुमुदिनीताईंच्या बोटात तो ओढायचं बळ उरलं नव्हतं.

मिरजेच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या शिकलगारचाचांनी मात्र रिव्हॉल्व्हर बाजूला सारलं. "आधी बोट दाखवा."

त्यांनी हुकाचा वजनकाटा ताईंच्या तर्जनीत अडकवला. ताईंनी दात आवळून ओढलं. काटा दीड किलोवर थरथरत थांबला.

चाचांनी चिठ्ठीवर लिहिलं : चाप, दोन किलो.

"चाचा, दीडच भरलं की!"

"दिसलं मला. नेमबाजीची स्पर्धा कधी?"

"मार्चमध्ये."

"पाच महिने आहेत. मग आजच्या बोटाच्या मापानं चाप घासून इतका हलका कशाला करू?" चाचांनी वजनकाटा ताईंच्या पर्समध्ये टाकला. "रोज ओढा. दोनवर चाप मी आणतो, बोट तुम्ही आणा."