बोटभर

कर्रर्र असा आवाज झाला आणि ट्रेलर विकत घ्यायला आलेल्या नोलनने गाडी जागीच थांबवली. तीस फुटी ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घरच, शेडमधून अर्धाच बाहेर आला होता. टपावरचं एसीचं खोकं शेडच्या लोखंडी तुळईला जाऊन टेकलं होतं.

ऑर्विल स्टकी अंगणातल्या गवतावर उभा राहून बघत होता. खोटं कशाला बोला, त्याला बरंच वाटलं. ट्रेलर विकायचा बेत त्याच्या बायकोचा, आर्लीनचा, आणि मुलीचा. आता गाडी चालवायची नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरने ऑर्विलला सांगितलं आणि त्याच आठवड्यात दोघींनी जाहिरात देऊन टाकली. काल दिवसभर खपून त्यांनी ट्रेलर झाडून रिकामा केला. भांडी, गाद्या, घडीच्या खुर्च्या, मासे धरायचे गळ, काही म्हणून ठेवलं नाही. ऑर्विल हो म्हणाला होता. नाही म्हणायला त्याच्याकडे कारणच नव्हतं. ते आता तुळईने दिलं.

शेजारपाजार जमला. कॅन्ससमधल्या त्या गल्लीत शनिवारी सकाळी दुसरं काय घडतंय? सगळ्यात पुढे ग्लेन प्रुइट, वस्तीच्या समितीचा अध्यक्ष. ट्रेलर रस्त्यावरून दिसता कामा नये, हा नियम त्याचा. शेड बारा फुटांच्या वर नको, हाही त्याचाच. सहा वर्षांपूर्वी ऑर्विलने मुकाट्याने मोजून बारा फुटांची शेड बांधली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ट्रेलर दोन बोटं राखून बाहेर निघायचा आणि दोन बोटं राखून आत जायचा. मग आजच कुठे माशी शिंकली, हे ग्लेनला कळेना. खांब खचले की काय, म्हणून त्याने वाकून तेही बघून घेतलं.

ऑर्विलला पहिल्या आवाजालाच कळलं होतं. एरवी ट्रेलर ठासून भरलेला असायचा. रिकामा झाल्यावर खालच्या स्प्रिंगा सैल झाल्या आणि तो वर आला, माणूस उठून गेल्यावर गादी फुगते तसा. पण हे सांगतो कोण?

तुळई कापून टाकू, असं नोलनचं म्हणणं. त्याला आजच्या आज दोनशे मैल गाठायचे होते. ग्लेनने मान हलवली. शेडला हात लावायचा तर समितीची परवानगी लागते, आणि समिती बसणार पुढच्या मंगळवारी. आयुष्यात पहिल्यांदा ऑर्विलला ती समिती आवडली. मंगळवारपर्यंत काय वाटेल ते होऊ शकतं. नोलनचं मन बदलेल. कोणी सांगावं, आर्लीनचंही बदलेल.

"ऑर्विल," आर्लीनने हाक मारली. गुडघ्यांमुळे ती सकाळपासून अंगणात खुर्ची टाकून बसली होती. "तो रिकामा आहे म्हणून अडकलाय ना?"

त्याने बुटाच्या टोकाने गवत उकरलं. "असेल."

"असेल काय? तुला माहीत होतं."

झालं. मग कोणी थांबायलाच तयार होईना. चाकांची हवा कमी केली. नळी लावून पाण्याची टाकी काठोकाठ भरली. तरी बोटभर कमीच पडत होतं, तेव्हा माणसं भरा, असं ग्लेनने फर्मान काढलं. सहा वर्षं ज्यांनी या ट्रेलरच्या नावाने खडे फोडले, तीच माणसं हसत-खिदळत आत चढली. तक्रारीच्या कागदावर जिने पहिली सही ठोकली होती ती बाई तर केळ्याचा केक घेऊन चढली. यांच्यावर ओरडावं, असं ऑर्विलच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मदतीला धावून आलेल्या माणसांवर ओरडायचं तरी कसं?

शिडीवर उभ्या ग्लेनने खोक्यावरून हात फिरवून बघितलं. अजून अर्धं बोट. गल्लीत आता चढवायला कोणी उरलं नव्हतं. नोलन स्टिअरिंगवर, ग्लेन शिडीवर, आणि आर्लीनला ट्रेलरची पायरी झेपणारी नव्हती. हळूहळू सगळे ऑर्विलकडे बघायला लागले.

"मिस्टर स्टकी," नोलन गाडीच्या खिडकीतून चाचरत म्हणाला, "तुम्ही बसता का जरा आत?"

"माझ्या एकट्याने काय होणार आहे?"

"अडीचशे पौंडांचा आहेस," आर्लीन म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला. "चढ, ऑर्विल. मला चढता आलं असतं तर तुला सांगितलं नसतं रे."

तो चढला. टेबलाभोवतीच्या बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती. ती आणखी सरकली आणि खिडकीपाशी त्याला जागा झाली. अकरा वर्षं ऑर्विलने हा ट्रेलर ओढला, पण तो चालू असताना आत कधी बसला नव्हता. कोणीतरी त्याच्या खांद्यावर थोपटलं. त्याने पलीकडे तोंड फिरवलं.

"बसला खाली!" बाहेरून ग्लेनचा आवाज आला. "सावकाश घे, नोलन. सावकाश."

ट्रेलर हलला. छताच्या खिडकीवरून तुळई सरकत मागे गेली आणि आत भसकन ऊन आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ऑर्विलनेही वाजवल्या. करणार काय, हात रिकामेच होते.