ऑर्गनवरचा आरसा

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याची पाठ लोकांकडे असते. पाळकांची खूण दिसावी म्हणून समोर एक छोटा आरसा असतो. बाईंचा उभा जन्म त्या आरशात बघून वाजवण्यात गेला. पुढच्या रविवारपासून ऑर्गनच्या जागी गिटार येणार होती.

"जुनी गीतं गायला उरलंय कोण, बाई?" पाळक हसून म्हणाले होते. "चार म्हाताऱ्या आणि तुमची लेक!"

बाईंनी शेवटचं गीत सुरू केलं आणि आरशात पाहिलं. बाकं गच्च भरली होती. वळून पाहिलं, तर त्याच चार म्हाताऱ्या, आणि पुढच्या बाकावर लेक.

आरशातली माणसं गात होती, सगळी केव्हाच मातीआड गेलेली. कडवं सरलं की मागच्या एका बाकावरची माणसं उठायची आणि दाराबाहेरच्या उजेडात विरून जायची.

शेवटच्या कडव्याला पुढचं बाक उठलं. त्यांच्याबरोबर आरशातली लेकही उठली. कुणीतरी तिचा हात धरला होता.

बाईंनी गीत संपू दिलं नाही. पहिलं कडवं पुन्हा धरलं, तशी ती माणसं दारात थबकली. बाई वाजवत राहिल्या. ऑर्गनला हवा देणाऱ्या भात्यावरचे पाय भरून आले. पाळकांनी दोनदा खूण केली.

तेवढ्यात खांद्यावर उबदार हात पडला.

"अगं आई, पुरे की आता! सगळे बघतायत." लेकीचाच आवाज.

बाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी पट्ट्यांवरून बोटं उचलली.

आरशात त्यांच्या मागे कोणीच नव्हतं. दारातून लेक बाहेर चालली होती, मान वळवून आईला हाका मारत.

खांद्यावरचा हात अजून तसाच होता.