कोड की कुष्ठ

"हे कोड आहे की कुष्ठ, एवढंच सांगा," सर्जेराव म्हणाला.

कसब्यातल्या यज्ञेश्वर वैद्यांच्या ओसरीवर त्याची बायको मथुराबाई खाली मान घालून बसली होती. तिच्या मनगटावर रुपयाएवढा पांढरा डाग होता. त्या डागापायी तिचा संसार मोडायला निघाला होता, आणि मोडणारा तिचा नवराच होता. पेशव्यांच्या फौजेतला शिलेदार, मोठा रुबाबदार गडी. मायेच्या बाबतीत मात्र सगळा दुष्काळ.

"कुष्ठ निघालं तर?" वैद्यांनी विचारलं.

"नदीपलीकडं झोपडी बांधून ठेवलीय. आमच्या घराची रीतच आहे. सख्ख्या चुलत्यालाही तिथंच ठेवलं. मरेपर्यंत मीच त्याला भाकरी पोचवली."

"आणि माझं लेकरू?" मथुराबाईने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"लेकरू घरी राहील."

शेगडीवरचा काढा उतू जायला लागला. वैद्य चिमटा शोधू लागले. "काढ्याचं राहू द्या, आधी आमचं बघा," म्हणत सर्जेरावाने भांडं उतरवून खाली ठेवलं.

"कुष्ठ या शब्दाचंच पुढं कोड झालं, असं भटजी म्हणाले. मग रोग एकच ना?"

"भटजींना शब्द कळतात, कातडी नाही," वैद्य म्हणाले. "शब्द एका घरातले, दुखणी निराळी. कुष्ठ म्हणजे कुरतडणारं. झोपलेल्या माणसाला उंदरानं कुरतडावं तसं. आधी ते स्पर्श खातं, बोटं मागाहून. कोड बिचारं नुसता रंग खातं."

त्यांनी मथुराबाईला डोळे मिटायला सांगितलं आणि डागावर सुई टोचली.

"आई गं!"

वैद्यांना फार बरं वाटलं. "कोड आहे. बाईंना घरी घेऊन जा."

मथुराबाई पदरात तोंड लपवून रडू लागली.

"म्हणजे झोपडी फुकटच बांधली म्हणायची," सर्जेराव म्हणाला.

"असू द्या. तुम्हालाच हौस होती," असं म्हणत वैद्यांनी काढा गाळायला भांड्याला हात लावला, आणि चटका बसताच झटकन मागे घेतला. त्यांनी सर्जेरावाकडे पाहिलं. त्याच्या बोटांवर टरारून फोड आले होते, आणि त्याच बोटांनी तो निवांतपणे मिशीला पीळ देत होता.