पंपातली तहान

भर दुपारी, कुवेतच्या शुवैखमधल्या गॅरेजात बुतरस मिस्त्रीने लाल स्पोर्ट्स कारचा पाण्याचा पंप खोलला. आतली पाती पार झिजून गेली होती.

"इंजिन तापून बसलं ते यामुळेच, साहेब."

"गाडी वाळवंटात सापडली, माझा भाऊ नाही सापडला," गाडी घेऊन आलेला मशारी म्हणाला. "तरी चालू करून दे, उस्ताद. आई म्हणते, तो आल्यावर त्याला गाडी लागेल."

बुतरसने नवा पंप बसवला आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतायला घेतलं. दोन कॅन रिकामे झाले तरी तो भरेना. गाडीखाली मात्र थेंबही नव्हता.

"गाडी आहे की उंट?" तो वैतागला.

सवयीने त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बेअरिंगची खरखर तो अशीच ऐकायचा. पण इंजिन तर अजून बंदच होतं.

आत कुणीतरी घटाघटा पाणी पीत होतं.

त्याचा चेहरा पाहून मशारीने स्क्रूड्रायव्हर हिसकावला आणि स्वतः कान लावला. त्याचे डोळे भरून आले.

"पितोय तो! ओत, उस्ताद, अजून ओत!"

बुतरसने तिसरा कॅन उपडा केला. मशारी ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"थांब," तो पुटपुटला. "हा तो नाही."

बुतरसने कॅन खाली ठेवला. तेव्हा कानाला काहीही न लावता त्याला पंपातून मशारीचाच आवाज ऐकू आला.

"ओत, उस्ताद, अजून ओत."