खिडकीतला डोंगर

“ते कापड हलवायला कशाला हवंय? आहे तिथं बरं आहे की,” सासूबाई खिडकीतून मान न वळवता म्हणाल्या.

“आई, तुमचा डोंगर अख्खा झाकला जातोय.”

“जाऊ दे.”

सून गालात हसली. बाईंचा ताठा तिला पाठ होता. जीव गेला तरी स्वतःसाठी काही मागायच्या नाहीत.

उंच इमारत आली की कुणाच्या नजरेआड काय जाईल, हे तपासणं सुनेचं काम. आता घरासमोरच पंचवीस मजली मनोरा येणार होता. त्याच्या जागी बांबू रोवून कापड ताणलं होतं, उंची कळावी म्हणून वर फुगे सोडले होते. आणि सासूबाई तर रोज संध्याकाळी त्याच खिडकीत खुर्ची टाकून बसायच्या.

“फार आवडतो ना डोंगर?”

“मी कुठं बसावं तेही आता तुझं ऑफिस ठरवणार का? चहा घे, निवतोय.”

बस वेळेवर येवो की रखडो, सून दारात चपला काढायची तेव्हा चहा उकळत असायचा. “माझ्यापुरता टाकला होता. तडमडलीस, आता घे अर्धा.” बाईंच्या चहाला काळवेळ नाही, हे सुनेनं कधीच मान्य केलं होतं.

बिल्डरचा इंजिनीअर मात्र वैतागला. “एका म्हातारीसाठी मनोरा सरकवू?”

“त्या म्हातारीला तुम्ही भेटला नाहीत अजून.”

आठवडाभर भांडून तिनं मनोरा जागेच्या दुसऱ्या टोकाला सरकवायला लावला. कापडही तिकडं गेलं. दुपारी घरी येऊन तिनं खिडकीतून फोटो काढला. सासूबाई आत झोपल्या होत्या. डोंगर पायथ्यापर्यंत मोकळा. कापडाआड गेला तो नुसता नाका. अहवालात ‘विशेष काही नाही,’ असं लिहून ती ऑफिसला परतली.

संध्याकाळी तिनं किल्लीनं दार उघडलं. गॅस थंड. ओट्यावर दोन कप पालथे. सासूबाई खिडकीत, मान लांब करून.

तिनं घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावला. “बरं नाही का, आई?”

त्या दचकल्या. “कधी आलीस?”

“आत्ताच. बघा, तुमचा डोंगर वाचवला.”

“डोंगर कुठं पळून चालला होता?” सासूबाई खुर्चीतून उठल्या. “तुझ्या त्या कापडानं नाक्यावरचा बसथांबा झाकलाय. तू उतरलेली दिसलीच नाहीस, मग आधण कधी ठेवायचं मी?”