पिसं फसवतात

तीन दिवसांत दोन कोंबड्या गेल्या. तिसरी मान टाकून मांडीवर पडलेली, आणि वजनकाट्यावर तीस वर्षं नोकरी केलेले आबा गुरांच्या डॉक्टरांचे पाय धरायचेच बाकी होते. "अहो, कालपर्यंत ठणठणीत होती! दाणे टिपत होती!"

"टिपायचं सोंग करते, आबा. आजारी दिसली तर बाकीच्या टोचून मारतील, म्हणून दुखणं शेवटपर्यंत लपवते. पिसं फसवतात. रोज उचलून बघायचं. हलकी लागली की समजायचं."

तिसरीही वाटेतच गेली. घरी येताच आबांनी उरलेल्या नऊही एकेक करून उचलून पाहिल्या. सगळ्या भरल्या अंगाच्या निघाल्या, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

पायरीवर बसलेली बायको हसली. "आता मलाही उचला की! फक्त कंबर सांभाळा हं."

आबांनी सगळा जोर लावून उचललं, आणि ती अलगद वर आली.